दप्तर कसे असावे? : रुमालापासून संगणकापर्यंत

दप्तर हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी नांदतो. पोराच्या पाठीवर असते तेही दप्तर आणि तहसील कचेरीत असते तेही दप्तर. शब्द आपल्याकडे आला फारसीतून. फारसीत तो गेला ग्रीकांकडून, आणि ग्रीक भाषेत त्याचा मूळ अर्थ कमावलेले कातडे असा होता. कागद नव्हता तेव्हा लिहिणे कातड्यावर होई. इंग्रजांच्या फाइल या शब्दाचे कूळही असेच साधे आहे. त्याच्या मुळाशी आहे दोरा. कागद दोऱ्यात ओवून ठेवीत, त्या माळेला फाइल म्हणत. आणि पेशव्यांच्या कचेरीत कागदांची पुडकी चौकोनी कापडात बांधीत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. कातडे झाले, दोरा झाला, कापड झाले. हेतू सगळ्यांचा एकच. लिहिलेले हवे तेव्हा सापडावे आणि जसे लिहिले तसेच सापडावे.

आता दप्तराला आणखी एक रूप आले आहे. तलाठ्याच्या टेबलावर संगणक आहे, शाळेच्या कचेरीत आहे, आणि सात-बाराचा उतारा तर खिशातल्या फोनवरही दिसतो. पण या संगणकाच्या पोटात कागद कसे लावून ठेवतात, हा विचार फारसा कोणी करीत नाही. तो आज करू या.

संगणकाच्या पोटात साठवणीची तबकडी असते, किंवा अलीकडे तबकडीऐवजी चकत्या असतात. शिवाराचे गट पाडावेत तसे या साठवणीचे लाखो सारखे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला नंबर असतो. तुम्ही एखादी मोठी फाइल ठेवलीत, तर ती एका जागी सलग बसेलच असे नाही. तिचे तुकडे दहा ठिकाणी विखुरतात. कोणता तुकडा कोणत्या फाइलचा, कोणत्या क्रमाने जोडायचा, मोकळे तुकडे किती, हा सगळा हिशेब ठेवणारा एक अदृश्य कारकून आत बसलेला असतो. त्याला फाइल सिस्टिम म्हणतात. आपण दप्तरपद्धती म्हणू. हा कारकून चुकला, तर तबकडीवर अक्षर न् अक्षर शाबूत असूनही तुमची फाइल हरवली असेच समजा. रुमाल जागेवर आहेत पण यादी जळाली, अशी ती अवस्था.

अशा दप्तरपद्धती आजवर पुष्कळ झाल्या आणि नव्या होतच आहेत. नवी करावयाची तर तिच्यात कोणते गुण असावेत, हा प्रश्न संगणकशास्त्राचा समजला जातो. मी इतिहासाचा मास्तर. माझे म्हणणे एवढेच आहे की, या प्रश्नाची बरीचशी उत्तरे आपल्या जुन्या दप्तरखान्यांत तयार आहेत, आणि ती फार किंमत देऊन मिळालेली आहेत. त्या सगळ्यांचे सार एका वाक्यात सांगता येते. दप्तर लिहिणाऱ्यासाठी नसते. आज जो हजर नाही, त्याच्यासाठी ते असते.

उदाहरणाला एक गाव घेऊ. अलिबाग तालुक्यातले मांडवा. गेटवेवरून लाँचने निघाले की तासाभरात येथला धक्का लागतो, आणि २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट माणसे वाहून आणणारी बोटही येते. साहजिकच येथल्या जमिनीला मुंबईचा भाव आला. जिथे आजोबा नारळी-पोफळीच्या वाडीला शिंपण करीत, तिथे आज गुंठ्याचा हिशेब होतो. समजा, अशा एका वाडीचा वारस उद्या विचारू लागला की, ही वाडी आमच्याकडे केव्हापासून? तर त्याला किती दारे ठोठवावी लागतील पाहा. १८४० पर्यंत हा मुलूख कुलाब्याच्या आंगऱ्यांचा. त्या साली संस्थान खालसा होऊन कंपनी सरकार आले. १८५८ नंतर राणीचे राज्य. १९४७ नंतर आपले. जिल्ह्याचे नावसुद्धा १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले. राज्ये बदलली, लिपी बदलली, मोजमाप बदलले, कालगणना बदलली. वाडी मात्र तिथेच. एवढ्या उलथापालथीतून कागदाचा धागा तुटू न देणे, हे दप्तराचे काम.

पहिला गुण म्हणजे सापडणे.

पेशव्यांच्या हुजूर दप्तराची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्याचे दोन मोठे भाग होते. एक चालते दप्तर. ते फडणिसांच्या देखरेखीखाली असे आणि रोजचे कामकाज त्यात होई. दुसरे एकबेरीज दप्तर. ते पुण्यातच राही. सगळीकडचे हिशेब तिथे येत, त्यांची बाबवार मांडणी होई, गोषवारे होत. म्हणजे ताजे कागद हाताशी, आणि जुने कागद शिस्तीने लावून एका ठरलेल्या जागी. आज संगणकातही नेहमी लागणारा मजकूर जलद साठवणीत आणि जुना मजकूर स्वस्त, संथ साठवणीत ठेवण्याची चाल आहे. कल्पना नवी नाही.

संगणकाच्या बाबतीत ही मांडणी १९६५ साली अमेरिकेत मल्टिक्स नावाच्या योजनेत नीट ठरली. दप्तरात दप्तर, त्यात आणखी दप्तर, अशी झाडाच्या फांद्यांसारखी रचना त्या योजनेने मांडली. पुढे १९६९ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स केले. त्यात एक मोठी शहाणपणाची गोष्ट होती. फाइलचे नाव वेगळे आणि फाइलचा नंबर वेगळा. नाव बदलले तरी नंबर तोच राहतो. आपल्या गटनंबरासारखेच हे. मालक बदलला, वाडीचे नाव 'आईची वाडी'चे 'सागरकिनारा' झाले, तरी गट तोच. नाव माणसासाठी आणि नंबर कारकुनासाठी. दोघांचा घोळ करू नये, हा धडा.

दुसरा गुण, आधी रोजकीर्द आणि मग खतावणी.

दुकानदार मंडळींना हे सांगावयास नको. दिवसभरात जे घडले ते घडल्या क्रमाने रोजकीर्दीत उतरायचे. नंतर सवडीने एकेका खात्यावर चढवायचे. असे का? कारण खतावणी लिहिता लिहिता दिवा विझला, कारकून आजारी पडला, तरी रोजकीर्द शाबूत असते. तिच्यावरून पुन्हा खाते उभे करता येते. पेशव्यांच्या रोजकीर्दी अशाच क्रमवार ठेवलेल्या होत्या, म्हणून तर गणेश चिमणाजी वाड यांना त्यांतून वेचे काढता आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते छापून प्रसिद्ध झाले. पेशवाईतला कारभार कसा चाले, हे आज आपण सांगतो ते पुष्कळसे या रोजकीर्दींच्या आधारावर.

आपल्या तलाठी दप्तरातही हीच चाल आहे. जमीन विकली, वारस लागले, बोजा चढला, की पहिली नोंद होते गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत. नोटिसा निघतात, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मग तिचा अंमल सात-बाराला होतो. सहा आधी, सात मागून. हा क्रम कोणी उलटा केला की भांडण उभे राहिलेच म्हणून समजा.

संगणकवाल्यांना हे उमजायला मात्र वेळ लागला. पूर्वीच्या दप्तरपद्धती सरळ खतावणीतच खाडाखोड करीत. फाइल लिहिता लिहिता वीज गेली, की अर्धे तुकडे नव्या मजकुराचे, अर्धे जुन्याचे आणि यादी तिसरीच सांगते आहे, असा गोंधळ. मग वीज आल्यावर अख्खी तबकडी पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत तपासायची. त्यात तास तास जात. आपल्या किनाऱ्यावर मृगाचा पहिला वारा सुटला की वीज जाते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तेव्हा या दुखण्याचा अंदाज तुम्हांला चटकन येईल. १९९० नंतर हळूहळू रोजकीर्द ठेवणाऱ्या पद्धती रूढ झाल्या. १९९३ साली मायक्रोसॉफ्टची एनटीएफएस आली आणि २००१ साली लिनक्समध्ये एक्स्ट-३ आली. यांत काय बदलणार आहे ते आधी एका राखीव जागेत लिहून ठेवतात आणि मग बदलतात. मध्येच वीज गेली तर ती राखीव वही वाचायची. काम पुरे लिहिलेले असेल तर पुरे करायचे, अर्धवट लिहिलेले असेल तर सोडून द्यायचे. तासांचे काम क्षणांवर आले. इंग्रजीत या वहीला जर्नल म्हणतात. जर्नल म्हणजे अक्षरशः रोजकीर्दच.

तिसरा गुण, कागद अखंड असल्याची खूण.

जुने मराठी कागद पाहिले आहेत का? पत्र मोठे असले तर एकाखाली एक कागद चिकटवून लांबलचक पट्टा करीत. मग मधलाच एखादा कागद काढून दुसरा चिकटवला तर? म्हणून पाठीमागे जोडावर शिक्का उमटवीत, अर्धा या कागदावर आणि अर्धा त्या कागदावर. मजकूर जिथे संपला तिथे मर्यादेचा शिक्का किंवा मोर्तब करीत. तेथून खाली एक ओळही कोणी घुसडली तर ती उघडी पडे. रक्कम अंकीही लिहायची आणि अक्षरीही लिहायची, ही चाल तर बँकेच्या चेकवर आजही आहे. एकात शून्य वाढवणे सोपे, दोन्हीकडे मेळ घालणे कठीण.

संगणकात कागद कुरतडणारा उंदीर दिसत नाही. पण असतो. तबकडीवरचे एखादे चिन्ह कालांतराने आपोआप पालटते, किंवा तारेतून जाताना बिघडते, आणि कोणाला पत्ता लागत नाही. सातचा एक झाला तरी संगणक तो एक बिनदिक्कत छापून देतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक तुकड्यातल्या चिन्हांपासून गणिताने एक छोटा आकडा काढायचा आणि जपून ठेवायचा. वाचताना पुन्हा तेच गणित करायचे. आकडा जुळला तर मजकूर शुद्ध, नाही जुळला तर दगा. याला चेकसम म्हणतात. सन कंपनीने २००५ साली सर्वांसाठी खुली केलेली झेडएफएस नावाची पद्धती यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात आणखी एक खुबी आहे. हा पडताळ्याचा आकडा त्या तुकड्याजवळ न ठेवता त्याच्या वरच्या पायरीच्या तुकड्यात ठेवलेला असतो. पानाची बेरीज त्याच पानावर असली तर उंदीर पान आणि बेरीज दोन्ही खातो. बेरीज दुसऱ्या वहीत असली तर चोरी पकडता येते.

आणि नुसती खूण ठेवून भागत नाही, ती अधूनमधून तपासावीही लागते. महाराष्ट्रात हस्तलिखित सात-बारे संगणकात चढवले तेव्हा ठिकठिकाणी चुका शिरल्या. कुठे नाव चुकले, कुठे क्षेत्र. तेव्हा २०१७ साली चावडीवाचनाची मोहीम झाली. गावकऱ्यांना बोलावून संगणकातल्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि ज्याची जमीन त्यानेच चूक सांगायची, असा तो प्रकार. चांगल्या दप्तरपद्धतीत अशी चावडी आपोआप भरत असते. रात्री-बेरात्री ती सगळे तुकडे वाचून पडताळते आणि बिघडलेला तुकडा शाबूत प्रतीवरून दुरुस्त करते.

आता शाबूत प्रत म्हटली की चौथा गुण आलाच. तो म्हणजे प्रती अनेक असाव्यात, पण एका जागी नसाव्यात.

१६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला. शिवकालातल्या मध्यवर्ती दप्तराचा फारच थोडा भाग आज आपल्या हाती आहे. राजधानीतला खजिना गेला तर पुन्हा भरता येतो. दप्तर गेले ते गेले. मग शिवकालाचा इतिहास आपण लिहितो तो कशावरून? गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांच्या, वतनदारांच्या, मठांच्या आणि भिक्षुकांच्या घरी जे कागद राहिले, त्यांवरून. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी उभे आयुष्य असे कागद गोळा करण्यात घालवले. १८९८ सालापासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

पण घरोघरी हे कागद आले कसे? ते योगायोगाने आले नाहीत. इनामाची सनद दिली की एक पत्र इनामदाराला, एक मामलेदाराला, एक देशमुख-देशपांड्यांना आणि एक गावच्या मोकदमाला अशी पत्रे पाठवण्याची रीत होती. शिवाय पत्रातच अधिकाऱ्याला बजावलेले असे की, याची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घ्या आणि अस्सल पत्र भोगवटादाराला परत द्या. म्हणजे एकच मजकूर चार दप्तरांत आणि अस्सल ज्याचे त्याच्याजवळ. राजधानी जळाली तरी हक्क जळत नाही. आजचा शहाणा संगणकवाला हेच सांगतो. निदान तीन प्रती ठेवा, त्या एकाच प्रकारच्या साधनावर ठेवू नका, आणि एक तरी दुसऱ्या गावी ठेवा. दोन प्रती एकाच कपाटात ठेवणे म्हणजे एकच प्रत ठेवणे.

याला जोडूनच एक गोष्ट सांगतो. जुने पुसू नये. सात-बारावर नाव कमी करायचे तर तलाठी ते खोडरबराने पुसत नाही. त्या नावाला कंस करतो आणि शेजारी फेरफाराचा नंबर घालतो. जुने नाव वाचता येते, केव्हा गेले आणि कशाने गेले तेही कळते. मी सांगितलेली झेडएफएस आणि तिच्यासारख्या नव्या पद्धती असेच करतात. जुन्या तुकड्यावर लिहीतच नाहीत. नवा मजकूर मोकळ्या तुकड्यात लिहितात आणि मग यादी बदलतात. त्यामुळे कालचे, परवाचे, गेल्या महिन्याचे दप्तर जसेच्या तसे डोळ्यांपुढे आणता येते. एखाद्याने चुकून किंवा मुद्दाम सगळे पुसले, तरी काल सायंकाळचे दप्तर शिल्लक असते.

पाचवा गुण नाजूक आहे. दप्तर उघडावे कोणी?

पेशवाई १८१८ साली संपली आणि दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची आबाळ झालीच होती. इंग्रजांनी ते लावून घेतले, आणि मग त्याचा उपयोग कशाला केला? इनामांची चौकशी करायला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले. ज्याचा हक्क कागदावर सिद्ध होईना, त्याचे इनाम धोक्यात आले. सरकारजवळ सगळे दप्तर आणि रयतेजवळ एखादे जीर्ण पत्र, अशी ती विषम लढाई होती. दप्तराने एकाला न्याय मिळतो तसे दुसऱ्याचे घरही बसते. पुढे किती तरी वर्षे हे दप्तर अभ्यासकांना मोकळेपणाने पाहू देत नसत. १९२९-३० च्या सुमारास गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यावर ते काम सोपवले, तेव्हा कुठे सुमारे ३५ हजार रुमालांच्या त्या साठ्यातून १९३४ पर्यंत निवडीचे ४५ खंड बाहेर पडले. कागद शाबूत होते, पण दार बंद होते. बंद दाराआडचा कागद आणि नसलेला कागद यांत शोधणाऱ्याला काय फरक?

आपल्या अलिबाग तालुक्याला हे आणखी एका अंगाने ठाऊक आहे. खोतीच्या काळात कबुलायत कुळाच्या अंगठ्याची आणि वही खोताच्या घरची. लिहिणारा तोच, वाचणारा तोच, पुरावा काढणाराही तोच. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. हाल सोसले, पण हटले नाहीत. खंड आणि वेठ हे प्रश्न होतेच, पण कसणाऱ्याचा हक्क कागदावर यावा, हाही त्या लढ्याचा गाभा होता. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. ज्याच्या एकट्याच्या हाती दप्तर, त्याच्या हाती जमीन, हे तेव्हाच्या माणसांनी पुस्तके न वाचता ओळखले होते.

म्हणून चांगल्या दप्तरपद्धतीत प्रत्येक कागदाबरोबर लिहिलेले असावे की, हा वाचील कोण, यात लिहील कोण आणि हा काढून टाकील कोण. युनिक्समध्ये मालक, त्याचा गट आणि इतर जन अशा तीन पायऱ्या आहेत. पण तेवढ्याने भागत नाही. कोणी केव्हा उघडले आणि काय बदलले, याचीही नोंद हवी, आणि ती नोंद बदलणाऱ्याच्याच हाती नसावी. २०१८ सालच्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल सहीचा सात-बारा मिळू लागला, त्यातले तत्त्व हेच आहे. कागदावर कोणाची जबाबदारी आहे हे कोणालाही तपासता यावे.

सहावा गुण, उद्याच्या माणसाला वाचता यावे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवीत. मग ती बंद झाली. पन्नास-साठ वर्षे कोणाला काही वाटले नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि जुनी शाळारजिस्टरे, जन्ममृत्यूचे गाव नमुना चौदा आणि महसुली वह्या बाहेर निघाल्या. तेव्हा मोडी वाचणाऱ्याला एकाएकी मान आला. कागद होता, शाई होती, आजोबांचे नावही होते. वाचणाराच नव्हता. पोराच्या दाखल्याचे काम एका विसरलेल्या लिपीवर येऊन अडले. तारखेचेही तसेच आहे. जुन्या पत्रात शुहूर सन अरबी शब्दांत दिलेला असतो. तो ज्याला उलगडत नाही, त्याला पत्र हाती असून काळ कळत नाही.

संगणकालाही अशी मोडी आणि असा शुहूर आहे. अनेक जुन्या दप्तरपद्धती १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख ठेवतात आणि त्यासाठी त्यांनी जागा ठेवली अगदी बेताची. ती जागा १९ जानेवारी २०३८ रोजी भरते. त्यानंतर असे संगणक १९०१ साल दाखवू लागतील. बांधणाऱ्यांना वाटले, एवढ्या दूरवर कोण पाहतो? पण दप्तर बांधणाऱ्याने दूरवरच पाहायचे असते.

आणि आपल्या भाषेची एक खास अडचण आहे, ती मास्तर मंडळींनी जरूर लक्षात ठेवावी. लिनक्सच्या रूढ पद्धतींत फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन लागतात. म्हणजे आपल्या वाट्याला आली ८५ चिन्हे. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरतात. 'क्ष' हे एक जोडाक्षर लिहिले की तीन चिन्हे, नऊ बाइट गेले. याहून फसवी गोष्ट 'आंगऱ्यांचे दप्तर' या नावात आहे. त्यातला 'ऱ' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक सबंध चिन्ह म्हणून, आणि एक 'र'खाली टिंब देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण पुष्कळ पद्धती नुसते बाइट जुळवून पाहतात, त्यांना ही दोन निराळी नावे वाटतात. तुम्ही एका तऱ्हेने शोधले आणि फाइल दुसऱ्या तऱ्हेने ठेवलेली असली, की उत्तर येते, सापडत नाही! तेव्हा नव्या पद्धतीने नावाची लांबी अक्षरांनी मोजावी, बाइटांनी नव्हे, आणि डोळ्यांना सारखे ते सारखेच मानावे. ही मागणी आपण मराठी माणसांनीच करावयाची. आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.

शेवटचा गुण, घर बदलताना मोडतोड न होणे.

याचे उत्तम उदाहरण मांडव्यापासून वीसेक किलोमीटरवर, अलिबागेतच आहे. मुंबईत कुलाब्याला १८२६ साली कंपनीने वेधशाळा काढली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होऊ लागली. मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले, तेव्हा प्रश्न पडला. विजेच्या प्रवाहाने चुंबकसुई बहकणार. मग वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागेला हलवले. १९०४ साली तिथे मोजणी सुरू झाली, लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेल्या इमारतीत. पण त्यांनी जुने दार लगेच लावून घेतले नाही. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली. दोन्हीकडच्या आकड्यांत फरक किती पडतो तो पाहून घेतला आणि मगच कुलाबा बंद केले. म्हणून १८४१ पासूनची ती मालिका आजही एकसंध धरता येते. मूस यांनी १८४६ ते १९०५ चे आकडे १९१० साली छापूनही काढले.

याचा उपयोग काय झाला? १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन नावाच्या ज्योतिषशास्त्रज्ञाला सूर्यावर एक प्रखर स्फोट दिसला. दुसऱ्याच दिवशी सगळ्या पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले, तारायंत्रे बिघडली. त्या वेळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी सुईचे आकडे हाताने टिपून ठेवले होते. १४४ वर्षांनी, २००३ साली, जी. एस. लाखिना प्रभृती भारतीय शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तेच आकडे काढून त्या वादळाचा जोर मोजला, आणि तो शोध जगभर गाजला. आज उपग्रह आणि विजेच्या तारा अशा वादळांपासून कशा जपाव्यात, याचा विचार त्यावरून चालतो. १८५९ साली ज्याने टाक शाईत बुडवला, त्याला उपग्रह ठाऊक नव्हता. त्याने वेळ लिहिली, आकडा लिहिला, आणि उपकरणाचे वर्णन दप्तरी राहील असे पाहिले. बस्स.

कागदावरून संगणकावर किंवा जुन्या संगणकावरून नव्यावर जाणाऱ्या प्रत्येक कचेरीने आणि शाळेने हा अलिबागचा धडा गिरवावा. नवे सुरू झाले म्हणून जुने रजिस्टर रद्दीत घालू नये. काही काळ दोन्ही चालवावीत, ताळा करावा, फरक लिहून ठेवावा. चावडीवाचन आधी आणि कुलूप मागून.

श्रोतेहो, नव्या दप्तरपद्धतीत काय काय असावे, ते आता थोडक्यात मांडतो. नाव बदलले तरी सापडावे. बदल करण्याआधी तो रोजकीर्दीत उतरावा. मजकूर अखंड आहे याची खूण दुसऱ्या जागी असावी आणि ती वेळोवेळी तपासली जावी. जुने पुसले जाऊ नये, प्रती दूरदूर असाव्यात. कोणी वाचावे आणि कोणी लिहावे हे ठरलेले असावे, पण दार एकाच्या मर्जीवर नसावे. आपली लिपी तिला परकी वाटू नये, आणि पन्नास वर्षांनी येणाऱ्याला ती उलगडता यावी. घर बदलताना एकही पान गळू नये. वेग, आकार, किंमत या गोष्टी पाहाव्यातच, पण त्या मागून.

गुरुजींना एक विनंती. शाळेच्या कपाटात जुने जनरल रजिस्टर असेल, त्याची पाने सुटली असतील. ते बांधून घ्या, त्याचे फोटो काढून एक प्रत शाळेबाहेर ठेवा, आणि मुलांना एक दिवस ते उघडून दाखवा. आपल्या पणजोबाचे नाव कोणा अनोळखी मास्तरांनी जपून लिहिले होते, हे पोराने एकदा पाहिले, की दप्तर कशासाठी असते हे त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही. मांडव्याच्या त्या वाडीचा वारस कदाचित त्याच वर्गात बसला असेल. त्याला उद्या विचारावे लागेल तेव्हा उत्तर द्यायला आपण नसू. आपले दप्तर असावे.